माझ्या सॅन स्टॉर्मची ताकद परत आणणाऱ्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आईला घेऊन आंबोलीला जाऊन आलो. दाणोली मागे पडली, घाट लागला, आणि गाडी तिसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढत राहिली. दोन वर्षांपूर्वी याच घाटात आम्हाला मागून आलेली एसटी ओलांडून गेली होती. तेव्हा मी पहिल्या गिअरवर होतो आणि आई काही न बोलता दाराची कडी घट्ट धरून बसली होती. या वेळी वर पोचेपर्यंत ती करवंदांबद्दल बोलत होती. घरी आल्यावर तिनेच सांगितलं, "मेस्त्रींना पत्र लिही." म्हणून लिहितोय, आणि उघडपणे लिहितोय. आपल्याकडे जुन्या छोट्या गाड्या जिवापाड सांभाळणारे पुष्कळ लोक आहेत आणि ताकद वाढवून देतो म्हणणारेही पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं.

सॅन स्टॉर्म अनेकांनी पाहिलेलीसुद्धा नसेल. दोन माणसांची, बुटकी, फायबरच्या बॉडीची गाडी. दिसायला स्पोर्ट्स कार, पण पुढे रेनोचं १,१४९ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं साधं इंजिन. नवी असताना साधारण ६० हॉर्सपॉवर. आजची स्विफ्टसुद्धा ८० च्या पुढे आहे. माझी गाडी २००१ ची, गोव्यातून सेकंडहँड घेतलेली. आमच्या वेंगुर्ल्यात समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे खारा वारा तिला बारा महिने लागतो. तरी ती मला फार आवडते, आणि ती जरा पळावी एवढंच माझं मागणं होतं.

त्यापायी आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. तिथे उघडा 'स्पोर्ट्स' एअर फिल्टर बसवला, जाड तोंडाचा सायलेन्सर लावला. आवाज वाढला, गाडी मात्र आणखीच मंद झाली. मग त्यांनी टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, सुचवला आणि १ लाख ८० हजारांचा आकडा सांगितला. तो कागद खिशात घेऊनच मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही कागद वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, "गाडी तुझी दुबळी नाय, आजारी आसा. आदी गेला तां परत हाडूया, मगे नवीन काय तां बघूया."

त्यानंतर तुम्ही जे पहिलं काम केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. मला सीटवर बसवलंत, बॉनेट उघडून टॉर्च घेतलात आणि म्हणालात, "दाब. पुरो दाब." मी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. "टेकलो?" "टेकला." तुम्ही मला खाली बोलावलंत, एका पोराला सीटवर बसवलंत आणि इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप दाखवलीत. पायडल जमिनीला टेकलेलं, आणि झडप जेमतेम पाऊण उघडलेली. केबल ताणून लांब झाली होती. म्हणजे इतकी वर्षं मी पूर्ण इंजिन कधी वापरलंच नव्हतं! केबल बदलायला अर्धा तास लागला.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही प्लग काढून गेज लावलात. पहिला १६५ पीएसआय, दुसरा १७०, चौथा १६५, आणि तिसरा ११० वरच थांबला. मला वाटलं पिस्टनच्या रिंगा गेल्या, आता पूर्ण इंजिन उघडावं लागणार. तुम्ही त्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलंत. काटा ११० वरच. ऑइल टाकल्यावर आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा, कारण ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. वाढला नाही म्हणजे दाब वरून, व्हॉल्व्हमधून जातोय. हे तुम्ही मला थांबून समजावलंत. खरं तर समजावण्याची गरज नव्हती. न सांगता अख्खं इंजिन खोलून बिल दुप्पट करता आलं असतं आणि मला कळलंही नसतं.

हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरलं तेव्हा जळकी कड असलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. कडेचा बारीकसा भाग जळून गेलेला. तेवढ्या फटीतून तिसऱ्या सिलिंडरचा बराच जोर वाया जात होता. नवा व्हॉल्व्ह आला, सगळ्या व्हॉल्व्हना त्यांच्या बैठकीवर घासून बसवलंत, हेडला हलका फेस मारून, म्हणजे खालची बाजू तासून सपाट करून घेतलीत. टायमिंग बेल्ट जुना होता, तोही त्याच वेळी बदललात. मी विचारलं, फेस जरा जास्त मारून कॉम्प्रेशन वाढवलं तर? तुम्ही नको म्हणालात. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर आणि मे महिन्याच्या उकाड्यात घाट चढताना इंजिन ठोके मारायला लागेल, आणि मिळालेलं सगळं पिस्टनसकट जाईल.

उघडा फिल्टर तर तुम्ही त्याच दिवशी काढलात. एक्झॉस्टच्या शेजारी बसून तो बॉनेटमधली तापलेली हवा ओढत होता. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते, आणि विरळ हवेत पेट्रोल तेवढंच कमी जळतं. फिल्टरचा मूळ डबा परत बसवून नळी पुढच्या गार हवेत काढलीत. आणि ती मुद्दाम उंच ठेवलीत, कारण आपल्या पावसात रस्त्यावर पाणी कधी साचेल सांगता येत नाही आणि इंजिनाने एकदा पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. हे त्या शहरातल्या दुकानाला सुचलं नसतं. त्याला कोकणातला मेस्त्रीच लागतो.

तसंच ते अर्थिंग. इंजिन आणि चासीमधली पट्टी तुम्ही सोडवलीत तर आतून हिरवी-पांढरी भुकटी पडली. खाऱ्या वाऱ्याने तांबं खाल्लं होतं. नवी पट्टी, घासून चकचकीत केलेली जागा, वर व्हॅसलीनचा हात. गाडीचा कंप त्याच क्षणी कमी झाला.

टर्बोबद्दल मी पुन्हा एकदा विषय काढलाच होता. तेव्हा तुम्ही आरसी बुक मागितलंत आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलंत: बुकात नोंदवलेल्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघेल. पण मला खरं पटलं ते तुमचं पुढचं वाक्य: "ब्रेक बरे होय तवसर इंजिनाची ताकद वाढवचंय नाय." ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्या हवेत तर लवकरच, आणि उतरणीवर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पायडल मऊ पडतं. माझं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. तुम्ही ते बदललंत, पॅड बदललेत, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारी नवी रबरी नळी घातलीत, आणि मगच ताकद वाढवण्याकडे वळलात.

शेवटी जी थोडी भर घातलीत तीही किती विचाराने! बारीक, दबलेला एक्झॉस्ट काढून नीट वाकवलेल्या पाइपचा नवा बनवून घेतलात, आवाज मात्र मूळचाच ठेवलात. डिकीतला बावीस किलोचा स्पीकरचा डबा काढायला लावलात आणि जड अलॉय चाकं विकून हलकी चाकं घ्यायला लावलीत. मी विचारलं, आता किती हॉर्सपॉवर झाली? तुम्ही आकडा दिला नाहीत. मोजायचं यंत्र नाही, मग कसं सांगू, म्हणालात. त्याऐवजी पहाटे एमआयडीसीच्या रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ची वेळ घेतलीत. काम सुरू करण्याआधी त्याच रस्त्यावर साडेबारा सेकंद लागले होते. आता पावणेनऊ. तीनदा घेतली, तिन्ही वेळा जवळपास तेवढीच.

बॉनेटच्या बिजागरीपाशी फायबरला गेलेला तडाही तुम्ही विसरला नाहीत. मालवणात होड्या दुरुस्त करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाकडे मला पाठवलंत. त्याने मॅट आणि रेझिनचे दोन थर देऊन असा बुजवला की जागा शोधावी लागते.

लेथवाल्यासकट सगळं बिल ३१,४०० रुपये झालं. टर्बोच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. पण मी पैशांसाठी आभार मानत नाहीये. तुम्ही माझ्या गाडीला कमी लेखलं नाहीत. "ही विकून दुसरी घे" असं एकदाही म्हणाला नाहीत. प्रत्येक जुना पार्ट माझ्या हातात देऊन तो का बदलला ते सांगितलंत, आणि जो बदलायची गरज नव्हती त्याला हातही लावला नाहीत. असा माणूस कुडाळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

तो जळका व्हॉल्व्ह मी घरी टीव्हीशेजारी ठेवलाय. येणारा प्रत्येक जण हे काय म्हणून विचारतो आणि मी त्याला तिसऱ्या सिलिंडरची सगळी गोष्ट सांगतो.

पावसाआधी एकदा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासायला ये म्हणाला होता. मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी येतो. आईने तुमच्या घरासाठी कोकमाचं आगळ काढून ठेवलंय, दोन बाटल्या. काकींना सांगा, मीठ घातलेलं आहे.

तुमचा,
वेंगुर्ल्याचा लाल स्टॉर्मवाला