खोल समुद्रातली बुरशी आणि आपली ज्वारी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातल्या बुरशीतून औषध मिळणे नवे नाही. सेफॅलोस्पोरिन गटाची प्रतिजैविके ज्या बुरशीमुळे हाती आली, ती जुझेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये सार्डिनियाजवळ, सांडपाणी मिसळणाऱ्या समुद्रात सापडली. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी हिंदी महासागरात सुमारे ५,००० मीटर खोल गाळातून बुरशी वाढवली.

असा गाळ सोलापूरच्या महाविद्यालयांना कुठून मिळणार? पण औषधी संयुगे शोधण्यासाठी कल्चर संग्रहातून, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संस्थांकडून, समुद्री बुरशी मागवता येते. ती वाढवायला एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ८० ग्रॅम तांदूळ आणि ३ टक्के समुद्री मिठाचे १२० मिली पाणी घ्यावे, १२१ अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावे), मग त्यात बुरशी घालून २५ अंशांवर चार आठवडे ठेवावे. आपल्याकडे घात होतो तो इथेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, त्यात वीज गेली की इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) तापतो आणि आपल्या बुरशीआधी हवेतल्या ॲस्परजिलस या बुरशीचे काळे-हिरवे ठिपके उगवतात. बुरशी न घातलेला एक फ्लास्क शेजारी हवाच, म्हणजे बाहेरच्या बुरशीचा शिरकाव लगेच कळतो.

तांदळाऐवजी मालदांडी ज्वारी जरूर वापरून पाहावी. धान्य बदलले की तीच बुरशी निराळी संयुगे बनवू शकते. इथिल ॲसिटेट या द्रावकाने काढलेल्या अर्कात बहुधा ओळखीचेच संयुग निघते, म्हणून शुद्धीकरणात महिने घालवण्याआधी मास स्पेक्ट्रम (रेणूंच्या वस्तुमानावरून संयुग ओळखायचा आलेख) काढावा. उरलेले धान्य जनावरांपुढे कदापि टाकू नये. ऑटोक्लेव्हने बुरशी मरते, तिचे विष मात्र उरू शकते.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, सोलापूर