ताई, जिन्यातलं तुमचं बोलणं मी ऐकलं होतं

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या जागेचा व्यवहार होऊन तीन आठवडे झाले. तुमची दलाली पोचली, मी मागायच्या आधीच तुम्ही पावती पाठवलीत. कागदावर आपलं देणंघेणं संपलं आहे. माझ्या मनात मात्र ते संपत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू का असं विचारलं तेव्हा तुम्ही हातानेच नको म्हणालात, म्हणून नुसतं ताई. डोंबिवली पूर्वेला ज्यांनी तुमच्यामार्फत जागा घेतली किंवा विकली, ते ओळखतीलच.

बाबा गेल्यावर आईला तिसऱ्या मजल्यावर एकटीला ठेवणं शक्यच नव्हतं. १९८६ ची इमारत, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे तर तुम्ही पाहिलेच आहेत. तिला नाशिकला माझ्याकडे आणायचं आणि जागा विकायची, एवढं घरात ठरलं. एजंट कसा निवडायचा हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाच जागा घेतलेली माणसं आम्ही. जो सगळ्यात मोठा आकडा सांगेल तो चांगला, असं मला वाटलं आणि तिथेच आम्ही फसलो.

पहिल्या एजंटाने ६२ लाख सांगितले. आई हरखून गेली. पुढे दर पंधरवड्याला तो आकडा खाली यायला लागला, आणि दोन महिन्यांनी हाच माणूस ४१ लाखांची पार्टी घेऊन आला. वर 'आजी, आता घ्या, नाहीतर हेही जाईल' असं माझ्या पाठीमागे तिला फोनवर सांगितलं. मोठा आकडा जागा हातात यावी म्हणून सांगतात, हे मला नंतर कळलं. दुसऱ्याने टोकन, म्हणजे घेणाऱ्याची आगाऊ रक्कम, स्वतःच्या नावाने मागितलं. सोसायटीच्या ट्रान्स्फर प्रीमियमला, म्हणजे जागा दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेला, लाखभर लागतील, म्हणून ते वेगळे रोख काढून ठेवा, असंही सांगितलं. आईचं नॉमिनेशन आहे म्हटल्यावर बाकी काही बघायची गरज नाही, असा त्याचा निर्वाळा. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर महारेराचा, म्हणजे जागांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर होता, तो मी कधी तपासला नाही. ती चूक माझी.

तुम्ही पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त कागद वाचलेत. मग म्हणालात, '४८ मागू, ४७ च्या खाली जायचं नाही.' शेवटी साडेसत्तेचाळीसला विकली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मुलांचाही हक्क येतो, तेव्हा आधी वकिलाकडे जाऊन हक्कसोडपत्राचं बघा, हे तुम्ही सांगितलंत. त्यासाठी माझा भाऊ मेलबर्नहून येईपर्यंत दीड महिना थांबलात. एका पार्टीला घाई होती, ती तुमच्या हातची गेली. ट्रान्स्फर प्रीमियम शासनाच्या २००१ च्या परिपत्रकानुसार २५ हजारांच्या वर जात नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. टोकनचा चेक थेट आईच्या नावाने आला. एक टक्का दलाली तुम्ही पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलीत, तीच शेवटपर्यंत.

या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण त्यासाठी एवढं मोठं पत्र मी लिहिलं नसतं.

आमचा स्वयंपाकघरातला ओटा तुम्हाला आठवत असेल. नेहमीपेक्षा चार बोटं खाली आहे. आई चार फूट दहा इंचांची. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. स्वतःची जागा झाली तेव्हा बाबा टेप घेऊन बसले, आईला सरळ उभं केलं, तिच्या कोपरापासून माप घेतलं आणि गवंड्याशी भांडून ओटा खाली करून घेतला. सकाळची लोकल गाठायच्या आधी ते त्याच ओट्याला टेकून चहा प्यायचे.

जागा बघायला येणारा प्रत्येक माणूस त्या ओट्यापाशी थांबायचा. 'हा आधी तोडावा लागेल.' 'कोणी बांधला हो असा?' एकाने तर बोटांनी वाजवून बघितला आणि शेजारी उभा असलेला तो पहिला एजंट हसून म्हणाला, 'जुन्या लोकांचं काम, सगळं काढूनच टाकायचं.' आई तिथेच चहा गाळत होती. विकत घेणारा माणूस बोलणारच, त्याचे पैसे आहेत, त्याला राहायचं आहे. एजंटाला मात्र ती बाई दिसायला हवी होती. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, 'आपला ओटा खरंच एवढा वाईट आहे का गं?' मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर कोणी येणार असलं की ती चहाचं आधण आधीच उतरवून आत जाऊन बसायची.

तुम्ही ते जोडपं घेऊन आलात तो रविवार होता. मी खालून दूध घेऊन येत होते. तुम्ही तिघं माझ्या पुढे, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबला होतात. मी तुम्हाला दिसत नव्हते. तुम्ही त्यांना हळू आवाजात म्हणालात, 'वर आजी आहेत. त्यांचं घर आहे ते. काय तोडायचं, काय बदलायचं, ते वर नका बोलू. खाली आल्यावर मला विचारा, खर्चासकट सगळं सांगते.'

मी तिथेच थांबले, दुधाची पिशवी हातात धरून. तुम्ही वर जाऊन बेल वाजवल्याचं ऐकू आलं तरी माझा पाय उचलत नव्हता. गेल्या पाच महिन्यांत माझ्या आईचा असा विचार केलेला एकही माणूस मला भेटला नव्हता. आणि तुम्ही तो आम्हाला दाखवायला केला नव्हता, कारण आम्ही कोणी ऐकतोय हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

महारेराने २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते चांगलंच झालं. तुमचं प्रमाणपत्र ऑफिसात भिंतीवर लावलेलं मी पाहिलं आहे. जिन्यातलं ते बोलणं तुम्हाला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवलं नसणार. घरचं वळण असेल, किंवा तुम्हीही कधी कोणाचं घर आवरलं असेल. बाबांच्या आजारपणात रात्री दोन वाजता उशी सरळ करून गेलेला एक वॉर्डबॉय मला आठवतो. अशी माणसं असतात म्हणून आपण निभावून नेतो, ताई. मी तरी नेलं.

कोणी मला विचारलं की एजंट कसा निवडावा, तर मी आता सांगते: नंबर तपासा, दलाली लिहून घ्या, आकड्याला भुलू नका, आणि त्या माणसाला एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना बघा.

त्या दिवशी मी वर आले तेव्हा ती मुलगी ओट्यापाशी उभी होती. तिने त्यावर हात ठेवला, आईकडे पाहून हसली आणि म्हणाली, 'आजी, स्वयंपाकघर छान ठेवलंय तुम्ही.' आईने तिला बसवून शिरा केला. त्यांना तो ओटा तोडावाच लागणार आहे, ती मुलगी उंच आहे, हे मलाही कळतं. नाशिकला आल्यापासून आई शेजारणीला सांगते आहे की आमचा ओटा बघूनच त्यांनी जागा घेतली. मी तिला काहीच सांगितलेलं नाही. दिवाळीत ती तुमच्यासाठी चकल्या पाठवणार आहे. तेव्हा तिचा फोन येईल, तुम्हीही काही सांगू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची मुलगी