उभी राहिली की बंद पडते

जळगाव, 18 मे

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून माझे पत्र नाही म्हणून तू रागावला असशील, हे मी गृहीत धरले आहे. इकडे सर्व ठीक. माझा गुडघा आहे तसाच आहे, आईची साखर आटोक्यात आहे. आता मुद्द्याचे लिहितो, कारण तो ऐकून घेणारे येथे कोणी उरलेले नाही: अण्णांची गाडी उभी राहिली की बंद पडते.

धावताना तिची काही कुरकुर नाही. एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत ती निमूट जाते; पण गावात शिरून सिग्नलला ब्रेक लावला, की इंजिन आचके देत गप्प होते आणि मागचे रिक्षावाले माझ्या पूर्वजांचे स्मरण करू लागतात. गॅरेजवाल्यांपैकी एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कार्बोरेटर उतरवून धुतला, तिसऱ्याने स्क्रू पिळून नुसती रेस वाढवून दिली. ताप आला म्हणून गोधड्या चढवाव्यात, तसला हा इलाज.

तू लगेच म्हणशील, ‘स्लो जेटमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, कचरा.’ वेरूळला जाताना कन्नडच्या घाटात असेच म्हणून तू भर उन्हात कार्बोरेटर सोडून बसला होतास आणि दोष निघाला टाकीच्या झाकणाच्या बुजलेल्या छिद्रात! वहिनींना ही हकीकत अजून कळली नसेल, तर ती सांगण्याचे काम माझ्याकडे राहू दे.

या वेळी कचरा नाही असे मी का म्हणतो, ते पाहा. स्लो जेट तुंबला असता, तर पाय ब्रेकवर असो वा नसो, गाडी सारखीच बंद पडली असती. मी अंगणात हँडब्रेक लावून, इंजिन पुरते तापू देऊन पाहिले. ब्रेकला पाय लावला नाही, तर ती थरथरत का होईना, चालत राहते. पेडल दाबून धरले, की पायापाशी फुसकारा ऐकू येतो आणि इंजिन बसते. म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरचा पडदा फाटला असावा आणि इंजिन तेथून हवा ओढत असावे. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला असतो, तेव्हा मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमधली, ओढ मोठी आणि इंजिनला लागणारी हवा अगदी थोडी, त्यामुळे चोरवाटेने शिरलेली जराशी हवासुद्धा मिश्रण बिघडवायला पुरते; वेग घेतल्यावर तीच हवा खिजगणतीतही राहत नाही. सकाळी चोक ओढलेला असतो, पेट्रोल जास्त जाते, म्हणून गार इंजिनावर हा दोष झाकून राहतो.

गाडी बंद पडते याची मला तितकीशी काळजी नाही, ब्रेकची आहे. बूस्टर निकामी झाला तरी ब्रेक लागतात, पण पेडल दगडासारखे होते, सगळा जोर पायात आणावा लागतो. आणि धाकटा हीच गाडी घेऊन रात्री-अपरात्री भुसावळ स्टेशनला जातो. त्याला समजावायला गेलो, तर म्हणतो, ‘दादा, भंगारात देऊन टाका.’ अण्णांच्या गाडीविषयी हे शब्द ऐकून मी काय उत्तर दिले असेल, ते तुला लिहून कळवण्याची गरज नाही. तूर्त किल्ली माझ्या कपाटात आहे आणि आमचे बोलणे बंद आहे.

रविवारी मॅनिफोल्डवरून बूस्टरचा पाईप काढून ते तोंड बूच मारून बंद करणार आहे आणि गाडी जागची न हलवता आयडल पाहणार आहे. इंजिन शांत चालले, तर बूस्टर किंवा त्याचा पाईप, यांतलाच कोणी गुन्हेगार. तरीही थरथरले, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि कार्बोरेटरखालचे गॅस्केट तपासावे लागेल.

तुझी नाशिकची बदली पक्की झाल्याचे कळले, अभिनंदन. घर मिळाले का? चिंगीला पेपर कसे गेले?

ही ओढ मोजायचा तुझा व्हॅक्यूम गेज मात्र इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठव. कुरिअर नको, मागच्या खेपेस त्याची काच वाटेत फुटली आणि ती मी फोडली, असे तू आजवर सांगत आला आहेस.

तुझा,
विनायक