आरव्हीतल्या टॉयलेटचं टेन्शन घेऊ नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सगळं ठरलं पण आई, तू मधेच हळूच "तिथे बाथरूमचं कसं काय" विचारलंस आणि लगेच विषय बदललास, म्हणून नीट लिहितेय. प्रवास म्हटला की तू पाणीच प्यायचं सोडतेस, बाबाही संध्याकाळनंतर ग्लास बाजूला सारतात. आरव्हीत, म्हणजे आपल्या त्या राहायच्या-झोपायच्या सोयीच्या गाडीत, तसं अजिबात करायचं नाही. कितीही वेळा जा, रात्री जा, पंपाचा घर्रर्र आवाज होतो थोडा पण त्याने आमची झोप मोडत नाही.

टॉयलेटच्या बरोबर खाली एक टाकी असते, तिला ब्लॅक टँक म्हणतात, आमची साधारण १२० लिटरची आहे. बेसिन आणि शॉवरचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, ती ग्रे टँक. फ्लशला पायाने दाबायचं पेडल आहे, अर्धं दाबलं की भांड्यात नुसतं पाणी येतं, पूर्ण दाबलं की खालची झडप उघडते आणि सगळं सरळ टाकीत पडतं. पाय काढला की झडप बंद होते आणि तिच्यावर थोडं पाणी साचून राहतं, ते राहायलाच हवं कारण तेच वास अडवतं, दिसलं नाही तर परत अर्धं पेडल दाबून घ्या. फक्त पेडल दाबताना छताचा पंखा बंद ठेवा, नाहीतर झडप उघडली की तो टाकीतली हवा वर ओढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही दोघं पाणी जपून वापरणारी, आणि आरव्हीत पाणी मोजकंच असतं म्हटल्यावर फ्लशलाही हात आखडता घ्याल, तर तिथेच नको! पाणी कमी पडलं की घट्ट भाग आणि कागद पाइपच्या खालीच साचत जातो, वाळतो, आणि टाकी रिकामी करताना जागचा हलत नाही. भरपूर पाणी असेल तर सगळं सुटून वाहून जातं. म्हणून हँडस्प्रे वापरलात तर उलट चांगलंच, टाकी थोडी लवकर भरेल एवढंच. पाणी वाचवायचंच असेल तर तोंड धुताना नळ बंद ठेवा, साबण लावताना शॉवर बंद करा.

कागद लवकर विरघळणारा आणलाय, बरणीत पाणी घालून हलवून बघितला, लगेच तुकडे झाले. बाबा, तुमचे ते ओले वाइप्स मात्र भांड्यात टाकू नका, पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेलं असलं तरी नको, ते विरघळत नाहीत आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात, झाकणाचा डबा शेजारीच ठेवलाय. आणि आई, वास आला तर मला हाक मार पण फिनेल, ब्लीच काही ओतू नकोस, टाकीत एन्झाइम आणि जिवाणूंचं औषध घालतो त्यातले जिवाणू त्याने मरतात.

रिकामी करायचं काम पूर्ण माझं, त्यात तुम्हाला संकोच वाटायचं काहीच कारण नाही. चार माणसं म्हणजे टाकी लवकर भरणारच, ते धरूनच डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, जवळ असेल असे मुक्काम निवडलेत. निदान दोन तृतीयांश भरू देते, म्हणजे बाहेर पडताना पाण्याला जोर मिळतो. आधी ब्लॅक टँक सोडायची मग ग्रे, म्हणजे ग्रे टँकच्या साबणाच्या पाण्याने होज, म्हणजे रिकामं करायचा पाइप, आतून धुतला जातो. भिंतीवरच्या पॅनलवर टाकी भरल्याचा दिवा दिसला तर लगेच धसका घेऊ नका, सेन्सरला कागद चिकटला की रिकाम्या टाकीलाही तो भरलेली दाखवतो, मी स्वतः बघते.

टॉयलेट एका पायरीवर आहे आणि पेडल दाबताना एका पायावर तोल जातो, तर बाबांचा कुठला गुडघा जास्त दुखतो ते कळवा, त्याप्रमाणे धरायचं हँडल डावीकडे का उजवीकडे ते ठरवून बसवून घेते. आणि रात्रीच्या गोळ्यांमधली लघवीची गोळी सकाळी घेतली तर चालेल का ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून या, स्वतःहून वेळ बदलू नका.

तुमची लेक