पुरावा सैनिकानेच का आणायचा?

मा. संपादक,
स. न.

व्हिएतनाम युद्ध संपल्याला पन्नास वर्षे झाली, त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत ‘एजंट ऑरेंज’ या विषारी तणनाशकावर लेख आला. लेख चांगला आहे, पण ‘बाधित अमेरिकी सैनिकांना सरकार भरपाई देते’ या एका वाक्यात त्यांचा विषय आटोपला आहे. ते वाचून गप्प बसवले नाही. मी स्वतः २८ वर्षे फौजेत काढली. मागच्या वर्षी लेकीकडे ओहायोला सहा महिने होतो, तेव्हा शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या अमेरिकी फौजीबरोबर त्याच्या भरपाईच्या अर्जाचे कागद चाळले.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके विमानांतून आणि जमिनीवरून फवारली. त्यातले सर्वांत जास्त वापरलेले एजंट ऑरेंज. पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यामुळे पडलेले नाव. त्यात निम्मे २,४-डी. आमच्याकडे उसातल्या तणावर मारतात तेच. खरे विष आले ते उरलेल्या निम्म्यातून, २,४,५-टी बनवताना तयार होणाऱ्या डायऑक्सिनमधून. ते ना दिसते, ना त्याची जखम होते. मधुमेह, कर्करोग, पार्किन्सन (कंपवात) पुढे कित्येक वर्षांनी उमटतात, आणि तोवर सैनिक घरी येऊन नातवंडे खेळवत असतो.

म्हणूनच अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने ठरवले की जो व्हिएतनाममध्ये होता त्याला विषाचा संपर्क झाला असे धरून चालायचे. यादीतला आजार असेल तर वेगळा पुरावा मागायचा नाही. पण मग ‘व्हिएतनाममध्ये’ म्हणजे कुठे, यावर वाद सुरू झाला. किनाऱ्यालगत जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना ‘जमिनीवर पाय ठेवला होता का?’ असे विचारले गेले. त्यांना हक्क मिळाला तो २०१९ च्या न्यायालयीन निकालानंतर आणि त्याच वर्षीच्या कायद्यानंतर. तोपर्यंत त्यातले किती जण गेले असतील?

आमचे शेजारी १९६९ साली थायलंडमध्ये कोराटच्या हवाई तळावर मेकॅनिक होते. थायलंडच्या तळांवर कुंपणालगतचे गवत मारायला तणनाशके वापरल्याचे अमेरिकी लष्कराच्याच १९७३ च्या अहवालात आहे. तरीही थायलंडमधल्यांसाठी नियम असा होता की कुंपणाजवळ ड्युटी असल्याचे दाखवा. पहारेकरी, कुत्रे सांभाळणारे यांचे जमले. मेकॅनिकने काय दाखवायचे? बराकीमागे तारेपलीकडचे गवत भर पावसाळ्यात उभे वाळलेले होते, एवढे त्यांना आठवते. सोबतचे दोघे साक्षीदार वारले होते. मधुमेहाचा अर्ज फेटाळला गेला. ऑगस्ट २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने थायलंडची ती कुंपणाची अट काढली आणि रक्तदाबही यादीत घातला, तेव्हा त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. तोवर पार्किन्सन जडला होता. सही करताना त्यांचा हात त्यांच्या पत्नीने धरला, ते मी समोर बसून पाहिले.

माझा मुद्दा एवढाच आहे. कोणत्या तळावर कोण होते, कोणते पिंप कुठे उतरले, याच्या नोंदी सरकारकडे असतात. सैनिकाकडे असते फक्त आठवण. त्याच्याकडे पुरावा मागणे हा अन्याय आहे, मग देश कोणताही असो. आपल्याकडेही मेडिकल बोर्डाचा ‘आजार सेवेमुळे नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही’ हा शेरा घेऊन घरी आलेले जवान मला माहीत आहेत. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असे धरावे, सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सांगितले. हा निकाल आपल्या प्रत्येक जवानाला माहीत असायला हवा.

ज्यांनी फवारणीचा हुकूम दिला, त्यांचेही घर यातून सुटले नाही. व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल झुमवाल्ट यांनी गस्ती नौकांवरचे हल्ले टाळण्यासाठी मेकाँग खोऱ्यातल्या नद्यांच्या काठची झाडी मारायला फवारणी करवली. त्याच नद्यांवर त्यांचा मुलगा नौकेवर होता. तो १९८८ मध्ये कर्करोगाने गेला. वडील त्यानंतर सैनिकांच्या बाजूने लढत राहिले. व्हिएतनामी बाधितांचा भरपाईचा दावा मात्र न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. ती जखम तर याहून मोठी.

आपल्या लेखमालेत पुढचा लेख येणार असेल तर त्यात जपानच्या ओकिनावा बेटाबद्दल अवश्य लिहावे. तिथल्या एका फुटबॉल मैदानाखाली, पूर्वीच्या अमेरिकी तळाच्या जागेत, २०१३ मध्ये गंजलेली पिंपे सापडली; तपासणीत २,४,५-टी आणि डायऑक्सिन आढळले. तरीही ‘पॅक्ट’ कायद्यातल्या ठिकाणांच्या यादीत ओकिनावा नाही. आमच्या शेजाऱ्यांचा एक मित्र तिथे दोन वर्षे होता. त्याच्या अर्जासाठी ते अजूनही फोनवर जुनी नावे शोधत असतात.

– एक निवृत्त सुभेदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा