पॅम मिळाले की नाही, एवढाच निकष नको

महोदय,

खरिपातील फवारणी सुरू झाली की ग्रामीण भागातून कीटकनाशक विषबाधेच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांतील अनेकींचा रोख प्रॅलिडॉक्झिम, म्हणजेच 'पॅम' या इंजेक्शनच्या तुटवड्यावर असतो. पॅम वेळेवर मिळाले नाही म्हणून रुग्ण दगावला, हे त्यात जवळपास गृहीत धरलेले असते. तालुक्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर म्हणून या गृहीतकाची तपासणी व्हावी असे मला कळकळीने वाटते, कारण त्याचा परिणाम थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

अनेक कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फरस या रासायनिक गटातील असतात. हे विष शरीरातील एका आवश्यक एन्झाइमला जखडून टाकते. मग लाळ आणि घाम वाहू लागतो, फुफ्फुसांत स्राव साठतो, नाडी मंदावते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अ‍ॅट्रोपिन हे औषध स्राव आटवते व नाडी सावरते. पॅम त्या एन्झाइमला विषाच्या तावडीतून सोडवते. हे स्पष्टीकरण इतके पटण्याजोगे आहे की पॅमने जीव वाचतोच, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज अनेकांना वाटली नाही.

हा प्रश्न ज्यांनी खरोखर तपासला, त्यांत बारामतीच्या डॉक्टरांचे स्थान मोठे आहे. २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम तीव्रतेची विषबाधा झालेल्या २०० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. सुरुवातीला दोन्ही गटांना २ ग्रॅम पॅम देण्यात आले. त्यानंतर एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम याप्रमाणे ते सतत मिळत राहिले, तर दुसऱ्या गटाला दर ४ तासांनी १ ग्रॅम. पहिल्या गटात १ रुग्ण दगावला, दुसऱ्यात ८. आपल्या राज्यातल्या एका लहान गावातून आलेला हा निष्कर्ष जगभर वाचला गेला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यानंतर ३ वर्षांनी श्रीलंकेतील जिल्हा रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे २३५ रुग्णांपैकी काहींना पॅम आणि काहींना केवळ सलाईन देण्यात आले, आणि कोणाला काय मिळते आहे हे उपचार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पॅम मिळालेल्या १२१ पैकी ३० रुग्ण दगावले. सलाईन मिळालेल्या ११४ पैकी १८. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे पॅम घातक ठरले असे म्हणता येत नाही. पण फायदा दिसला नाही, एवढे नक्की. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची आहे. या रुग्णांपैकी अनेकांच्या रक्तात ते एन्झाइम पुन्हा काम करू लागल्याचे दिसले. प्रयोगशाळेचा अहवाल सुधारला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

यांपैकी कोणता अभ्यास खरा, असा प्रश्न मला नातेवाईकच नव्हे तर तरुण सहकारीही विचारतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, पण दोघांनी विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. बारामतीत दोन्ही गटांना पॅम मिळाले होते. तेथे तुलना जास्त आणि कमी मात्रेची होती, पॅम असण्या-नसण्याची नव्हती. शिवाय सर्व मृत्यू मिळून ९ होते, आणि इतक्या लहान आकड्यावर भार टाकताना हात आखडता घ्यावा लागतो. विषाचा प्रकारही आड येतो: डायमेथोएटसारख्या विषाने जखडलेले एन्झाइम काही तासांतच सोडवण्यापलीकडे जाते, तर क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत दिवसभराहून अधिक अवधी मिळतो. सर्व अभ्यास एकत्र पाहणाऱ्या २०११ च्या कोक्रेन आढाव्यालाही पॅम तारक की मारक, हे ठरवण्यास पुरावा अपुराच वाटला.

याउलट अ‍ॅट्रोपिनबाबत असा संभ्रम नाही. ते द्यावे की नाही हा वाद कधीच नव्हता. किती झपाट्याने द्यावे, हे बांगलादेशातील चितगावच्या डॉक्टरांनी १५६ रुग्णांमध्ये तपासले. ठरावीक अंतराने ठरावीक मात्रा देण्याच्या जुन्या पद्धतीत २२.५ टक्के रुग्ण दगावले. छातीतील घरघर थांबेपर्यंत मात्रा वेगाने वाढवत नेऊन पुढे सतत थेंबाथेंबाने देण्याच्या पद्धतीत ८ टक्के. त्यासाठी महाग औषध लागत नाही. खाटेशेजारी उभे राहून दर काही मिनिटांनी छाती तपासणारा माणूस लागतो, आणि श्वास थांबला तर व्हेंटिलेटर.

एका रात्री रुग्णाचा भाऊ पॅमसाठी तीन मेडिकल पालथी घालून, उसने पैसे खर्चून परतला. 'आता वाचेल ना, डॉक्टर?' या त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मीही पॅम देतो, विशेषतः रुग्ण लवकर आला असेल तर. पण ते देण्यामागे माझी जी खात्री आहे ती अ‍ॅट्रोपिनच्या निम्मीही नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगायला मी त्या रात्रीनंतर शिकलो.

म्हणून आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की, अशा मृत्यूची बातमी देताना विष कोणते होते, रुग्ण किती तासांनी पोहोचला, अ‍ॅट्रोपिन कोणत्या पद्धतीने दिले गेले आणि व्हेंटिलेटर उपलब्ध होता का, हेही विचारावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा पिकावर नेमके कोणते मिश्रण मारले होते, हा प्रश्न उपचारांच्याही मुळाशी होता. बाटली किंवा तिच्यावरील लेबल रुग्णासोबत आणावे आणि अंगावर औषध उडाले असल्यास कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, एवढे दोन ओळींत छापले तरी उपयोग होईल.

शासनाकडेही एक मागणी आहे. बारामतीने २००६ मध्ये आणि विंचवाचे विष उतरवणाऱ्या प्रतिविषाचा अभ्यास करून महाडने २०११ मध्ये दाखवून दिले की असे संशोधन लहान गावांतही होऊ शकते. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांनी एकत्र येऊन, विषाच्या प्रकारानुसार नोंद ठेवत, पॅमची चाचणी काही हजार रुग्णांमध्ये करावी. असे रुग्ण आपल्याकडे दर हंगामात येतात आणि आज त्यांच्यावर होणाऱ्या उपचारांतून पुढच्या रुग्णासाठी काहीही नोंदले जात नाही.

आपला,
तालुका पातळीवरील अतिदक्षता विभागातील एक डॉक्टर