गिरणारे रस्त्यावरच्या फाट्यावर उभ्या राहिलेल्या काकांना

ती. काका,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या टाइम ट्रायलमधले, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या सायकल शर्यतीतले, आमचे सगळे रायडर धडधाकट घरी पोहोचले. बक्षिसं वाटली, फोटो निघाले, पण तोवर तुम्ही शिट्टी आणि झेंडी टेबलावर ठेवून निघून गेला होतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

टाइम ट्रायलला रायडर एकेक मिनिटाच्या अंतराने सुटतात. त्यामुळे फाट्यावरून तास-दीड तास सायकली येतच राहतात आणि तेवढा वेळ रस्ता अडवून धरता येत नाही. त्यात टोमॅटोचा हंगाम. क्रेट लादलेल्या पिकअप, मजुरांना मळ्यावर सोडणाऱ्या जीप, सगळ्यांनाच घाई. वाहनं थांबवण्याचा अधिकार पोलिसांचा. शर्यतीची वाट सांभाळणाऱ्या आम्हा मार्शलांच्या हातात फक्त विनंती.

तुमची उभी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेली, ते त्या फाट्यावर दिसलं. तुम्ही कुणाच्या गाडीपुढे हात आडवे करून उभे राहिला नाहीत. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हणायचात, "दादा, पोरं सायकलवर येताहेत. एवढा एक जाऊ द्या, मग पहिली गाडी तुमचीच." रायडर गेला की खरोखरच ती गाडी आधी सोडायचात. दिलेला शब्द पाळला जातोय हे मागच्यांनी पाहिलं आणि हॉर्न बंद झाले. इतक्या वर्षांत आम्हाला हे जमलं नव्हतं.

आणि वळणावरची ती खडी! उजाडायच्या आत तुम्ही घरून खराटा आणून सगळं वळण झाडून काढलंत. रेस बाइकचं टायर जेमतेम इंचभर रुंद. ताशी 40 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 11 मीटर. त्या वेगात वळताना चाकाखाली मूठभर खडी आली तरी माणूस रस्त्यावर आणि मागून गाडी. हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

ट्रॉली वळणावर अडकली तेव्हा तुम्ही लाल झेंडी दाखवून आमच्या सर्वांत वेगवान रायडरला थांबवलंत. तो चिडला, नंतर निकालावरून वादही झाला. माझं मत ठाम आहे: मार्शलची लाल झेंडी हाच शेवटचा शब्द. वेळेचा हिशोब मागाहून लावता येतो.

2015 साली आपल्या नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड वाढलं. त्या शर्यतीत रात्री रायडरच्या पाठीशी गाडी असावीच लागते, असा नियम आहे. आमच्यासारख्या क्लबाकडे अशा गाड्या कुठून येणार? आमची मदार फाट्याफाट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांवर.

तुम्ही सुचवल्याप्रमाणे 'पुढे सायकल शर्यत चालू आहे, गाडी सावकाश चालवा' असे मोठे मराठी फलक करायला टाकलेत. ते फाट्यावर नकोत, दोनशे मीटर अलीकडे हवेत, हेही लक्षात ठेवलंय. भरलेल्या गाडीला वेग कमी करायला पुरेशी जागा लागतेच.

पुढच्या शर्यतीला क्लबमधली दोन मुलं तुमच्या हाताखाली देतोय. त्यांना खिडकीशी जाऊन कसं बोलायचं ते शिकवा. आणि त्या दिवशी न जेवता जायचं नाही.

आपले,
क्लबचे सर्व रायडर आणि त्यांच्या घरची मंडळी